स्किझोफ्रेनिया रक्तातून येतो की परिस्थितीतून? घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बहुतेक प्रश्न शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या बैठकांमध्ये येतात. काही प्रश्न चारचौघांत येतच नाहीत. बैठक संपल्यावर चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारतं. असेही प्रश्न इथे घेतले आहेत. औषधं आणि डोस यांबद्दल इथे काही शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. हा आजार येतो कुठून, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं, असंच ना?

नाही, तो सिनेमांनी घातलेला गोंधळ आहे. या आजारात कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी किंवा घरचेच आपल्या वाईटावर आहेत असा पक्का संशय बसतो, बोलण्याचा धागा सुटतो. याहून जास्त दमवणारी लक्षणं मात्र गप्प असतात. अंघोळ टाळणं, कशातच मन नसणं, मित्र तुटणं, तासन्‌तास पडून राहणं. घरच्यांना हा आळस वाटतो आणि वर्ष-दोन वर्षं त्यात जातात. मुलग्यांमध्ये आजार बहुधा विशीच्या आसपास दिसतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दोन कोटींहून अधिक लोक या आजारासह जगत आहेत.

माझ्या सख्ख्या भावाला हा आजार आहे. मला होईल का?

बहुधा नाही. पण 'बहुधा' वर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आकडे सांगते.

कुणाही माणसाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता साधारण १ टक्का धरतात. सख्ख्या भावंडाला असेल तर ती ९ टक्क्यांच्या आसपास जाते. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर वेगवेगळ्या अभ्यासांत ६ ते १३ टक्के. मामा, काका, आत्या, मावशी यांपैकी कुणाला असेल तर ३ ते ४, आणि चुलत-मावस भावंडांपर्यंत पोचेतो जेमतेम २.

भावंडांचा हा ९ टक्क्यांचा आकडा दोन तऱ्हांनी सांगता येतो. 'तुम्हाला नऊपट धोका आहे' हेही खरं आणि 'तुमच्यासारख्या १०० जणांपैकी ९१ जणांना हा आजार होत नाही' हेही खरं. वर्तमानपत्रं पहिलं वाक्य छापतात. तुम्ही दुसरं लक्षात ठेवा. आणि वय पस्तिशीच्या पुढे गेलं असेल तर धोक्याचा मोठा भाग मागे पडलेला असतो. बायकांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास एक लहानशी लाट पुन्हा दिसते, एवढा अपवाद.

आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं. मग हिला कसा झाला?

हे अगदी नेहमीचं आहे. रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या जवळच्या नात्यात हा आजार असलेलं कुणीच सापडत नाही. आजार घडवणारे जनुकांतले बारीक फरक आपल्या सगळ्यांतच थोडेथोडे असतात. आईकडून काही येतात, वडिलांकडून काही, दोघंही ठणठणीत असतात आणि एका मुलात त्यांची बेरीज जास्त होते. शिवाय काही बदल आईवडिलांत नसतातच, मुलात नव्यानेच घडतात.

आता 'सात पिढ्यांत कुणाला नव्हतं' याबद्दल. पहिल्या भेटीत आम्ही कुटुंबाचा नकाशा काढतो, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, रेघांनी नाती. सुरुवातीला सगळं कोरं असतं. मग चहा येतो आणि कुणीतरी सांगतं, थोरले काका वारीला गेले ते परत आलेच नाहीत. आत्या लग्नानंतर वर्षभरात माहेरी आली, मग माडीवरच्या खोलीत असायची, कुणाशी बोलायची नाही. आजोबांचे भाऊ 'फार देवभोळे' होते, रात्रभर देवाशी भांडायचे. यांतल्या प्रत्येकाला स्किझोफ्रेनियाच होता असं मुळीच नाही. पण घराण्याची आठवण सोयीने पुसली जाते, विशेषतः घरात लग्नाची मुलं असली की.

८० टक्के आनुवंशिक आहे असं वाचलं. म्हणजे माझ्या मुलाला ८० टक्के होणारच?

नाही! या एका आकड्याने जितकी झोप उडवली आहे तितकी दुसऱ्या कशाने नसेल.

हा ८० टक्के आकडा कुठल्याही एका माणसाबद्दल नाही. एखाद्या समाजात कुणाला आजार होतो आणि कुणाला होत नाही, या फरकापैकी किती वाटा जनुकांतल्या फरकाशी जुळतो, त्याचं ते माप आहे. समजा, एका वर्गातली सगळी मुलं एकाच क्लासला जातात, सारखंच जेवतात, सारखाच वेळ अभ्यास करतात. मग त्यांच्या मार्कांत उरलेला फरक बहुतेक उपजतच निघेल. म्हणून क्लासचा उपयोग शून्य, असं कुणी म्हणणार नाही. परिस्थिती सारखी असली की जनुकांचा वाटा मोठा दिसतो, परिस्थितीत फार तफावत असली की लहान.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जुळ्यांवरून (त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात) हे गणित मांडताना जनुकं आणि परिस्थिती यांनी मिळून केलेलं कामही बरंचसं जनुकांच्या खात्यात जमा होतं. उपजत प्रवण असलेल्या मुलाने गांजा ओढला आणि तो आजारी पडला, तर हिशेबात त्याचा मोठा भाग 'आनुवंशिक' म्हणून नोंदला जाऊ शकतो. गांजा त्याने ओढला नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर ८० या आकड्यात नाही.

पण हे आनुवंशिक आहे हे कशावरून? एका घरात राहून एकमेकांचं वागणंही लागतंच की.

योग्य शंका आहे. संशोधकांनाही हीच होती. १९१६ साली जर्मनीत एर्न्स्ट रुडिनने रुग्णांच्या भावंडांची पद्धतशीर मोजणी केली आणि आजार कुटुंबांत एकवटतो हे दाखवलं. पण भाषाही कुटुंबात एकवटते, ती काही जनुकांतून येत नाही.

म्हणून जुळ्यांकडे पाहिलं गेलं. दिसायला हुबेहूब असलेल्या एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, दिसायला वेगळ्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच. डेन्मार्कमध्ये ३१ हजारांहून अधिक जुळ्या जोड्यांच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकबीज जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण ३३ टक्के निघालं, वेगळ्या जुळ्यांत ७ टक्के. जुन्या अभ्यासांत एकबीज जुळ्यांचा आकडा ४८ च्या आसपास होता. ३३ घ्या की ४८ घ्या, तो १०० नाही. जनुकं तीच, गर्भाशय तेच, घर तेच, आणि तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसरं भावंड या आजारातून सुटतं.

अमेरिकेत १९३० साली जन्मलेल्या चार एकसारख्या बहिणींची गोष्ट मानसोपचाराच्या पुस्तकांत हमखास असते. 'जेनेन' या टोपणनावाने त्या ओळखल्या जातात. पंचविशीच्या आत चौघींनाही स्किझोफ्रेनिया झाला. पण एकीने पुढे नोकरी केली, लग्न केलं, मुलं वाढवली, आणि दुसरीचं बहुतेक आयुष्य आजारातच गेलं. वडील घरात फार जाच करणारे होते. त्यामुळे जनुकांचा पक्ष घेणारे आणि परिस्थितीचा पक्ष घेणारे दोघंही याच बहिणींचा दाखला देतात.

खरा निवाडा दत्तक मुलांच्या अभ्यासांनी केला. लेनर्ड हेस्टन या अमेरिकी डॉक्टरने ऑरेगन राज्यातल्या मनोरुग्णालयांत १९१५ ते १९४५ या काळात जन्मलेली मुलं शोधून काढली. आयांना स्किझोफ्रेनिया होता, आणि जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत बाळांना त्यांच्यापासून वेगळं केलेलं होतं. अशी ४७ मुलं, आणि तुलनेसाठी आजार नसलेल्या आयांची, तशीच वेगळी वाढलेली ५०. मोठेपणी पहिल्या गटात ५ जणांना स्किझोफ्रेनिया निघाला, दुसऱ्यात एकालाही नाही. आईचा चेहराही त्या मुलांना आठवण्याजोगा नव्हता. १९६६ साली हे छापून आलं, आणि दोनच वर्षांत सेमूर केटी व सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या दत्तक-नोंदींवरून त्याच दिशेचं चित्र मांडलं.

मात्र फिनलंडमध्ये पेक्का तिएनारींनी पुढचा प्रश्न विचारला. आजारी आयांची ही दत्तक मुलं गेली कोणत्या घरांत? ज्यांना बऱ्यापैकी शांत, मोकळं घर मिळालं त्यांच्यात आजार कमी, आणि ज्यांच्या वाट्याला सतत धुसफुस असलेलं घर आलं त्यांच्यात स्पष्टपणे जास्त. उपजत धोका नसलेल्या मुलांवर तशाच घराचा एवढा परिणाम दिसला नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास हाच. वारशाने मिळते ती प्रवणता. तिचा आजार होतो की नाही, हे पुढे घडत जातं.

मग तो स्किझोफ्रेनियाचा जीन सापडला का?

एक जीन नाहीच. अनेक वर्षं त्याचा शोध झाला आणि अनेक 'सापडला' अशा बातम्या पुढे फुसक्या निघाल्या. मग जगभरच्या संशोधकांनी नमुने एकत्र करायला सुरुवात केली. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या १०८ जागा मिळाल्या, २०२२ मध्ये सुमारे ७७ हजार रुग्णांवरून २८७. प्रत्येक जागेचा परिणाम नगण्य. त्यांतल्या अनेक जागा मेंदूच्या पेशी एकमेकींशी जिथे जोडल्या जातात त्या सांध्यांच्या कामकाजाशी निगडित आहेत.

एक जागा मात्र थोडी उलगडली आहे. सहाव्या गुणसूत्रावर सी-४ नावाचं जनुक आहे. ते मुळात रोगप्रतिकाराचं जनुक, जंतूंवर 'हे काढून टाका' अशी खूण करणारं. मेंदूतही नको असलेले सांधे छाटताना अशीच खूण वापरली जाते. किशोरवयात प्रत्येकाच्या मेंदूत ही छाटणी जोरात चालते. सी-४ चे काही प्रकार अंगात असले की ती गरजेपेक्षा जास्त होत असावी, असं २०१६ साली मांडलं गेलं. आजार बहुधा तारुण्याच्या सुरुवातीलाच का डोकं वर काढतो, याचा निदान एक धागा त्यातून हाती लागतो.

याउलट काही दुर्मीळ बदल एकटेच बरंच काही करतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतः गळालेला असतो, अशा माणसांपैकी साधारण चारातल्या एकाला मोठेपणी स्किझोफ्रेनिया होतो. जगातल्या एका माहीत असलेल्या कारणाने इतका मोठा धोका क्वचितच येतो. पण एकूण रुग्णांत अशी माणसं शंभरात एखादीच.

रक्त तपासून आधीच कळतं का?

नाही. सगळ्या लहान लहान फरकांची बेरीज करून एक गुणांक काढता येतो, तो संशोधनात उपयोगी आहे, पण एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. त्यातही हा गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेला आहे, आपल्याकडच्या माणसांवर तो आणखी लंगडा पडतो. थुंकीचा नमुना कुरिअरने मागवून मानसिक आजारांचा रंगीत अहवाल देणाऱ्या जाहिराती दिसल्या, तर ते पैसे वाचवा.

अपवाद एकच. रुग्णाला जन्मतः हृदयाचा दोष, दुभंगलेली टाळू, लहानपणापासून शिकण्यात अडचण असं काही असेल, तर बाविसाव्या गुणसूत्राची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

गरोदरपणात माझ्याकडून काही चुकलं का?

हा प्रश्न फक्त आया विचारतात. वडील जवळजवळ कधीच नाही. ग्रहण पाळलं नव्हतं, सातव्या महिन्यात पडले होते, सासरी रडत दिवस काढले, अशी यादी मनात तयार असते.

ग्रहणाचा काही संबंध नाही. गर्भावर परिणाम करणाऱ्या ज्या गोष्टी खरंच दिसल्या आहेत त्या आईच्या हातातल्या नव्हत्याच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. माणशी रोजचा शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या उपासमारीच्या ऐन काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांत मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट निघालं. चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळाबाबत आन्हुई प्रांतातल्या वूहू भागात हेच तपासलं गेलं. १९५९ साली जन्मलेल्यांत धोका ०.८४ टक्के होता, तो १९६० च्या मुलांत २.१५ टक्क्यांवर गेला. या दुष्काळांत उपाशी राहिलेल्या बायांनी काय चूक केली होती?

बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, फार कमी वजन, गरोदरपणातले काही संसर्ग यांनीही धोका थोडा वाढतो. थोडाच. अडलेल्या बाळंतपणातून जन्मलेल्या बहुसंख्य मुलांना पुढे काही होत नाही.

आणि वडिलांनी विचारला नाही, तरी त्यांच्या बाजूचं उत्तर देऊन ठेवते. वडिलांचं वय जास्त असेल, विशेषतः पन्नाशीच्या पुढे, तर मुलांत हा आजार जास्त आढळतो. वाढत्या वयाबरोबर पुरुषबीजात नवे बदल साचत जातात, दरवर्षी साधारण दोन, असं २०१२ साली आइसलँडमधल्या कुटुंबांवरून दिसलं. हेच कारण पुरेसं आहे का, यावर मात्र अजून वाद आहे.

घरच्या भांडणांमुळे झाला का? सासूबाई म्हणतात, आईनेच मुलाला बिघडवलं.

सासूबाईंच्या मताला एकेकाळी मोठमोठ्या तज्ज्ञांचा पाठिंबा होता. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशी कल्पनाच मांडली, आणि पुढची दोन-तीन दशकं अमेरिकेत आयांना थेट तोंडावर दोषी ठरवलं गेलं. पुरावा नव्हता. दत्तक मुलांच्या अभ्यासांनी ती कल्पना मोडीत काढली, पण आपल्या घरांतून ती अजून गेलेली नाही.

दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेतला सततचा छळ यांचा पुढे भास-संशयाच्या आजारांशी संबंध आहे. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर धोका पावणेतीनपटीच्या आसपास निघतो. हे रोजच्या रागवण्याबद्दल किंवा अभ्यासावरून ओरडण्याबद्दल नाही.

दुसरी गोष्ट आजार झाल्यानंतरची. सतत टोमणे, वैताग किंवा उलट अति काळजीने श्वासही घेऊ न देणं, अशा घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. लंडनइतकंच हे चंदीगडच्या रुग्णांतही तपासलं गेलं, आणि तिथली कुटुंबं एकंदरीत कमी टोचून बोलणारी निघाली. तेव्हा घरातल्या वातावरणावर जरूर काम करा, ते उद्यासाठी म्हणून. कालचा दोष कुणाच्या पदरात घालायला नव्हे.

गांजामुळे होतो का? होळीला भांग तर सगळेच घेतात.

टाळता येण्याजोग्या कारणांत गांजा सर्वांत वर आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

१९६९-७० मध्ये स्वीडनच्या सक्तीच्या लष्करभरतीत सुमारे ५० हजार तरुणांना नशेच्या सवयी विचारल्या होत्या. पंधरा वर्षांनी रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांनी अठराव्या वर्षापर्यंत ५० हून जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनिया सहापट निघाला. न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांतही हेच दिसलं, आणि पंधराव्या वर्षाआधी सुरू करणाऱ्यांत जास्त. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास आला. रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांना सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयाच्या आजारांचा, धोका न ओढणाऱ्यांच्या पाचपट.

यावर मुलं म्हणतात, 'माझे सगळे मित्र ओढतात, त्यांना काही झालं नाही.' ते खरंच असतं. बहुतेकांना नाहीच होत. पण ज्याच्या सख्ख्या नात्यात आजार आहे त्याची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते. आणि जनुकं पाहिली तर उलटा प्रवाहही दिसतो. प्रवण असलेली मुलं गांजाकडे जरा जास्त वळतात. म्हणजे दोन्ही दिशांनी रहदारी आहे. शिवाय आजचा गांजा पूर्वीचा नव्हे. त्यातलं टीएचसी, म्हणजे डोक्यात जाणारं रसायन, वाढवलेली वाणं आता बाजारात आहेत.

भांगेबद्दल. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा बसतात, झाडाची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग काही राज्यांत उघड मिळते. कायद्याने सोडली म्हणून मेंदू सोडत नाही, रसायन तेच आहे. घरात आजार असेल तर धुळवडीच्या थंडाईत काय घातलंय ते विचारून मगच पेला उचला, आणि पोरांना हे चिडवत नाही तर सरळ सांगा.

अभ्यासाच्या ताणाने झाला, प्रेमभंगाने झाला, असं वाटतं. खरं आहे का?

ताण ठिणगी टाकू शकतो. पण क्रम नीट तपासा. बारावीपर्यंत हुशार असलेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी केटी लागल्या, मग तो खोलीबाहेर येईना, मग आवाज सुरू झाले. घरचे म्हणतात, नापास झाल्याचा धक्का बसला. बऱ्याचदा आजार आधीच सुरू झालेला असतो. लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, मित्र दूर जातात, म्हणून केटी लागतात आणि म्हणूनच ती मुलगीही सोडून जाते. आपण ज्याला कारण समजतो ते पहिलं लक्षण असतं.

मुलगा परदेशी गेला आणि तिथे आजारी पडला. तिकडचं वातावरण कारणीभूत आहे का?

स्थलांतराचा संबंध खरा आहे आणि चक्रावून टाकणाराही. इंग्लंडमध्ये लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथे झालेल्या अभ्यासात आफ्रो-कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या नऊपट निघालं. जनुकं म्हणावीत, तर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद या त्यांच्या मूळ बेटांवर प्रमाण असं वाढलेलं नाही. आणि इंग्लंडमध्येच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतही धोका टिकून आहे. वंशभेद, एकटेपणा, सतत उपरं असल्याची जाणीव, याकडे बोट जातं. लंडनमध्ये ज्या वस्तीत आपल्यासारखे लोक कमी, तिथे स्थलांतरितांना धोका जास्त, असंही दिसलं आहे. परगावी, परदेशी एकट्या राहणाऱ्या मुलाला गणेशोत्सवाला मराठी मंडळात जायला सांगणाऱ्या आईचं, या पुराव्याकडे पाहता, अगदीच चुकत नाही.

मोठ्या शहरात वाढण्याचंही तसंच. डेन्मार्कसारख्या देशांत शहरी मुलांत आजार ठळकपणे जास्त. पण ४२ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांची माहिती पाहिली तेव्हा शहर-खेडं असा फरक निघाला नाही. तेव्हा मुंबई सोडून गावी जाण्याचा बेत निदान या कारणासाठी करू नका.

करणी किंवा बाहेरची बाधा नाही ना?

नाही. देवाला नवस बोला, त्याने कुणाचं नुकसान नाही, पण औषध थांबवून नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, चाबकाने किंवा काठीने मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

लग्न केलं की सुधारेल, असं सगळे म्हणतात. आणि स्थळाला सांगायचं का?

लग्न हा उपचार नाही. नवं घर, नवी माणसं, जागरणं आणि त्यात लपवण्यासाठी बंद केलेल्या गोळ्या, यापेक्षा आजार उलटवायला आणखी काही लागत नाही. ज्यांचा आजार आटोक्यात आहे त्यांची लग्नं होतात आणि टिकतातही, पण सांगून केलेली. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराबाबत कलम आहे आणि महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न रद्द करून मागता येतं. कौटुंबिक न्यायालयात अशी प्रकरणं दोन्ही घरांची राखरांगोळी करतात.

रुग्णाच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडतं, ते मात्र निव्वळ अन्यायाचं आहे. भावंडांचा वरचा ९ टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा. मधुमेह असलेल्या घरातली सून आपण डोळे झाकून करतो.

मामाच्या मुलीशी लग्नाचंही काही जण विचारतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांनी धोका किंचित वाढत असावा असं सुचवणारे अभ्यास आहेत, पुरावा ठाम नाही. दोघांच्याही सामाईक आजी-आजोबांकडे आजार असेल तर टाळलेलं बरं, असं मी सांगते.

आम्ही मुलं होऊ द्यावीत का?

हा निर्णय जोडप्याचा. आकडे एवढेच सांगतात की दोघांपैकी एकाला आजार असेल तर मूल निरोगी राहण्याची शक्यता ८७ टक्के किंवा त्याहून अधिक. दोघांनाही असेल तर डेन्मार्कच्या नोंदींनुसार सुमारे २७ टक्के मुलांना हा आजार झाला. तरीही बहुसंख्य सुटले. दिवस राहिले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शक्यतो आधीच डॉक्टरांशी बोला.

'अशांना मुलंच होऊ देऊ नयेत' असं म्हणणारा एखादा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला सांगण्यासाठी एक इतिहास आहे. १९३३ साली नाझी जर्मनीने आनुवंशिक आजारांच्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला, त्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. तो कायदा घडवण्यात कुटुंबांची मोजणी करणारा तोच रुडिन होता. पुढे युद्धकाळात रुग्णांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली. स्किझोफ्रेनियाचे दोन लाखांहून अधिक रुग्ण नसबंदी किंवा हत्येला बळी पडले असा अंदाज आहे. आणि युद्धानंतर जर्मनीत या आजाराचे नवे रुग्ण कमी झाल्याचं दिसलं नाही. शेकडो जनुकांतून विखुरलेली, निरोगी माणसांतही थोडीथोडी असलेली गोष्ट अशी 'काढून' टाकता येत नाही.

धाकट्याबाबत आता काय लक्ष ठेवू? आणि जायचं कुठे?

त्याच्यावर पाळत ठेवू नका. पण झोप उलटसुलट होणं, मित्र एकदम तुटणं, अभ्यासात अचानक घसरण, 'लोक माझ्याकडेच बघतात' असं वारंवार म्हणणं, हे सगळं मिळून काही आठवडे टिकलं तर थांबू नका. आजार सुरू होण्यापासून उपचार सुरू होण्यापर्यंतचा काळ जितका लांबतो, तितकं बरं होणं अवघड जातं. जनुकं बदलता येत नाहीत, हा काळ कमी करता येतो.

१४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. 'मनोरुग्णालय' ऐकून घाबरू नका, तिथल्या बाह्यरुग्ण विभागातून गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी परतणारे पुष्कळ असतात.

जाताना आधीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, जुने कागद आणि दोन्हीकडच्या, म्हणजे आईच्या माहेरच्याही, नात्यांतल्या आजारांची यादी न्या. वारीला गेलेल्या काकांसकट. आणि गांजा-दारूबद्दल वीस वर्षांचा मुलगा आईवडिलांसमोर तोंड उघडणार नाही, तेव्हा डॉक्टरांनी 'तुम्ही जरा बाहेर बसा' म्हटलं तर उठा आणि बाहेर बसा.